खांब नंबर चव्वेचाळीस

एक तारखेपासून हजेरी फोनवर लागणार, असं भार्गव सुपरवायझरनं सांगितलं तेव्हा गोदूच्या हातात पाण्याचा पाईप होता. बोगनवेलीचं आळं भरून पाणी डांबरावर आलं तरी तिनं पाईप हलवला नाही.

"दीदी, पानी," भार्गव म्हणाला.

तिनं पाईप पुढच्या आळ्यात टाकला.

नवा रायपुरातल्या त्या रुंद रस्त्याच्या मधोमध जी झाडं दिसतात, ती जगवायला ठेकेदाराच्या बारा बायका होत्या. खुरपणं, छाटणं, पाणी देणं. गोदू त्यात सहा वर्षांपासून. नर्सरीचं शेड रस्त्याच्या खाली, तळ्याच्या बाजूला होतं. तिथं उतरून खुरप्या-कुदळी घ्यायच्या आणि वर चढून कामाला लागायचं. आतापर्यंत भार्गव तिथंच वहीत टिकमार्क करायचा. आता सात ते सव्वासात या वेळात शेडात उभं राहून आपापल्या फोनसमोर तोंड धरायचं होतं. फोन चेहरा बघणार, जागा बघणार, आणि मग म्हणणार की ही बाई आली.

"आन् नाई म्हणलं त्यानं तर?" गोदूनं विचारलं.

"तीन दिन लगातार नहीं लगी तो नाम अपने आप कट जाएगा दीदी. मेरे हाथ में कुछ नहीं है."

अकरा बायकांकडं तसला फोन होता. राहिली एकटी गोदू. तिच्या घरी बटणांचा एक फोन होता, आणि तोही नवऱ्याच्या खिशात.

नवरा म्हणजे गंगाधर. रेल्वेत चाबीवाला होता. रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, त्या रोज बघायच्या. खांद्यावर हातोडा आणि पाना, बगलेत लाल-हिरव्या झेंड्या, सहा किलोमीटर जाणं आणि सहा येणं. ढिली चाबी दिसली की ठोकायची, आणि संध्याकाळी डायरीत लिहायचं. एकतीस वर्षं हे केलं, गुडघे गेले, चार वर्षांपूर्वी रिटायर झाला. पेन्शन येत होती, दोघांना पुरत होती. बायको फावडं घेऊन रस्त्यावर जाते हे त्याला आवडत नव्हतं, पण तसं त्यानं एकदाही तोंडानं म्हटलं नाही. मोहल्ल्यातल्या कोणी विचारलं की सांगायचा, सरकारी नर्सरीत आहे. सरकारी वगैरे काही नव्हतं. बायकोला हे माहीत होतं, पण तीही काही बोलत नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं फोनचं सांगितलं.

"सोडून दे मंग," गंगाधर म्हणाला. "आता कायले पाह्यजे तुले उन्हातान्हाचं काम?"

गोदू लाल भाजी निवडत होती. हातातली काडी खाली ठेवून ती म्हणाली, "पेन्शन तुमची हाय. हे काम माहं हाय. गोल चौकापासून तळ्यापर्यंत जेवढे झाडं हायेत ना, त्यातले अर्धे म्या लावले. मी काही सोडत नाई."

एवढं बोलून तिनं पुन्हा भाजी घेतली. गंगाधर म्हणाला, "घेऊ मंग फोन. पण पाहून घेऊ."

मुलगी देवश्री नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी सगळं कळायचं तिला, बोलायची मात्र हिंदी. "पापा, इसमें देखना क्या है? गगन का सिम लो या तरंग का. दो ही तो चलते हैं इधर."

"दोघातलं कोणतं?"

"पता नहीं. मम्मी, वहाँ सबके पास क्या है?"

"आमच्यातल्या नीलिमाजोळ गगन हाय," गोदू म्हणाली. "कधी लागते, कधी नाई. नेटवर्कची एकच डांडी येते म्हणते."

"झालं," गंगाधर म्हणाला. "म्हणूनच पाहावं लागते. बायकाइच्या सांगण्यावर सिम घेता येत नाई. लाईन चालून पाहावी लागते."

यावर त्यानं रामकृष्णची गोष्ट सांगितली. घरात ती सगळ्यांना पाठ होती. रामकृष्ण शेजारच्या बीटचा, म्हणजे पुढच्या सहा किलोमीटरचा, चाबीवाला होता. पावसाळ्यात फाटकाच्या कोठडीत बसून चहा पीत पीत त्यानं अख्ख्या बीटची डायरी भरली, सगळ्या चाव्या ठीक म्हणून. गंगाधरनं रिपोर्ट केला. रामकृष्णची बदली झाली पार लांब, जंगलातल्या सेक्शनवर. "न पाहता लिवणं म्हणजे गाडी पाडणंच हाय," गंगाधर म्हणायचा. देवश्री या वाक्याला नेहमी ओठ हलवायची, त्याच्या पाठीमागं.

तर गंगाधरनं मुलीचा फोन घेतला, त्यात गगन होतं. शेजारच्या श्यामरावचा फोन मागून घेतला, त्यात तरंग होतं. दोन्ही पिशवीत टाकले, जुनी कोरी बीट डायरी काढली, डोक्याला पंचा बांधला आणि सकाळी आठच्या बसनं नवा रायपुरात उतरला.

गोल चौकातल्या खांब नंबर एकपासून सुरुवात केली. विजेचे खांब होते, त्यावर नंबर रंगवलेले. प्रत्येक खांबाखाली उभं राहायचं, दोन्ही फोन उन्हापासून पंच्याची सावली धरून बघायचे, डांड्या मोजायच्या आणि लिहायच्या. 'खां. ७. ग ३. त ४.' मार्च सरत आला होता, डांबर चपलेतून चटका देत होतं. मोटारी सूं करून जात होत्या. एक पोलीस गाडी थांबली.

"क्या कर रहे हो, चाचा?"

"नेटवर्क देख रहा हूँ."

"कंपनी से हो?"

"नहीं. घर से."

पोलीस हसले आणि गेले. गंगाधरला त्यांच्या हसण्याचं काही वाटलं नाही. बऱ्याच दिवसांनी पायाखाली एक लाईन होती आणि हातात डायरी होती. गुडघे ठणकत होते, पण चाल जुनी, दोन पावलांना एक श्वास, तशीच पडत होती.

चाळिसाव्या खांबाला दुपार झाली. चव्वेचाळिसाव्या खांबाशी रस्ता उंच होता आणि डाव्या हाताला उतार. खाली टिनाचं शेड, लोखंडी घडवंचीवर काळी पाण्याची टाकी, टाकीच्या सावलीत बायका जेवायला बसलेल्या. त्यात गोदू होती. पाय लांब करून बसली होती, एका पायातली चप्पल बाजूला काढलेली, मांडीवर डबा. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि ती हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता.

गंगाधर खांबाच्या आड झाला. अंगात रेल्वेचा जुना निळा शर्ट होता, इस्त्री केलेला. खाली उतरलं की बाराजणी बघणार, हे गोदूचे साहेब म्हणणार, पाणी देणार, मांड्यांवर डबे ठेवून जागा करून देणार. आणि त्याला त्यांच्यात बसावं लागणार. तो दोन-चार मिनिटं उभा राहिला. वर, खांबाखाली, तरंगच्या चार डांड्या होत्या, गगनच्या दोन. त्यानं डायरीत लिहिलं, 'खां. ४४. ग २. त ४.' मग त्याखाली लिहिलं, 'शेड. त ४.' आणि पंचेचाळीसकडं निघाला.

संध्याकाळी तो म्हणाला, "तरंग घ्यायचं. साठ खांब पाह्यले. कुठंच तुटत नाई."

"शेडात पाह्यलं ना? हजेरी तिथंच हाय."

"पाह्यलं."

"मले दिसले नाई तुमी."

"तू जेवून राह्यली होती," गंगाधर म्हणाला, आणि ते खरंच होतं.

रविवारी तिघं जुन्या रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यात गेले. तलावाच्या बाजूच्या गल्लीत चिरागचं मोबाईलचं दुकान. स्कूटर लावायला जागा नाही आणि आत उभं राहायला त्याहून नाही. गोदूनं ठेवणीतली साडी नेसली होती. चिरागनं काचेवर चार फोन मांडले, कॅमेरा सांगितला, रंग सांगितले. गंगाधरनं एक-एक फोन बाहेर उन्हात नेऊन पाहिला, कारण तो उन्हातच वापरायचा होता. दोन तिथंच बाद झाले, त्यांचं काही दिसेना.

उरले दोन. चिराग म्हणाला, "आंटी, आप चला के देखो."

गोदूनं बोट लावलं. फोनवर काही हललं नाही. तिनं पुन्हा लावलं, जोर देऊन.

"जोर से नहीं आंटी, हल्के से."

तिनं हलकं लावलं. तरी नाही. खुरप्याच्या मुठीनं बोटांची टोकं अशी झाली होती की काचेला ती बोटं वाटेनात. देवश्रीनं ओढणीनं आईची बोटं पुसली. शेजारी उभी असलेली एक बाई वळून बघू लागली. गोदूनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं दुसरा फोन घेतला आणि बोटाचं टोक सोडून बाजूचा मऊ भाग लावला. फोन उघडला.

"हा," ती म्हणाली. "हा मले ओळखते."

सिमसाठी अंगठा द्यायचा होता. मशीन लाल झालं. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी. चिरागनं ओलं फडकं दिलं, मग खोबरेल तेलाची बाटली काढली. अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडं रोज येत असावीत. बाराव्या वेळी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.

"कौन सा सिम, अंकल?"

"तरंग," गंगाधर म्हणाला. डायरी त्याच्या खिशात होती.

एक तारखेला गोदू ठेकेदाराच्या सकाळी सहाच्या पिकअप गाडीनं गेली. फोन ब्लाउजात, रुमालात गुंडाळलेला. शेडात बाराजणी ओळीनं उभ्या राहिल्या. नीलिमानं फोन धरला, डोळे मिचकावले. एका डांडीवर बराच वेळ चाक फिरलं आणि शेवटी हिरवं झालं. एकेक करून अकरा हिरवी झाली. गोदूच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात डांड्यांच्या जागी फुली होती.

ती शेडाच्या दारात गेली, टाकीखाली गेली, तळ्याच्या काठाला गेली. फुली हलली नाही. सव्वासात वाजले.

"आज की नहीं लगी," भार्गव म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "काम कर लो दीदी. ऊपर बोल के देखता हूँ." वर कोण होतं ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. गोदूनं दिवसभर काम केलं. तो दिवस कुठंच लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पाच मिनिटं आधी उतार चढून रस्त्यावर, चव्वेचाळीसच्या खांबाखाली गेली. डांड्या आल्या, चारही. तिनं तोंड धरलं. फोननं लिहून दिलं की तुम्ही ठरलेल्या जागेच्या बाहेर आहात. ती धावत खाली आली. नीलिमानं आपल्या फोनचं नेट तिला द्यायचा प्रयत्न केला, पण एका डांडीत दोघींचं भागेना. चाक फिरत राहिलं. सव्वासात.

"उद्याचा दिवस हाय अजून, गोदूबाई," नीलिमा म्हणाली.

"हव," गोदू म्हणाली आणि खुरपं उचललं. त्या दिवशी तिनं एक रोप उपटलं, तण समजून. सहा वर्षांत पहिल्यांदा.

घरी आली तेव्हा उजेड होता. गंगाधर ओट्यावर बसला होता. पहिल्या दिवशी तिनं काही सांगितलं नव्हतं. आज ती उभ्यानंच बोलली.

"शेडात नेटवर्कच नाई. दोन दिवस झाले. उद्या नाई लागली तर नाव कटलं."

गंगाधरचा हात खिशातल्या डायरीकडं गेला.

"तुमच्या डायरीत काय लिवलं हाय शेडाचं?"

"चार."

"चार," गोदू म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग हातपाय धुवायला मागं गेली. स्वयंपाक केला, वाढलं, देवश्रीशी दोन गोष्टी बोलली, त्याच्याशी एकही नाही.

सकाळी सहाला पिकअप आली तेव्हा गंगाधर निळा शर्ट घालून रस्त्यावर उभा होता. गोदू चढली. तिच्यामागून तो चढला. बसायला जागा नव्हती. बायकांच्या पायांत फावडी आणि डबे, त्यात तो दांडी धरून उभा राहिला. गाडी वळली की त्याचा गुडघा कोणाच्या तरी डोक्याला लागायचा. "राहू द्या भाऊजी," असं कोणी म्हणायचं. गोदू बाहेर बघत होती.

शेडात उतरल्यावर भार्गवनं विचारलं, "ये कौन?"

"मेरे आदमी हैं," गोदू म्हणाली.

सात वाजले. अकराजणींनी फोन काढले. गंगाधरनं गोदूच्या हातातून फोन घेतला आणि शेडाच्या चार कोपऱ्यांत उभा राहिला. फुली. दारात. फुली. तो मधोमध थांबला. बायका बघत होत्या.

"म्या इथं उतरलोच नव्हतो," तो म्हणाला. "वरूनच लिवलं."

कोणाला काही कळलं नाही. नीलिमा म्हणाली, "काय भाऊजी?"

"सिम घ्याच्या आधी पाहाले आलतो. वरतून पाह्यलं आन् शेडाचं लिवून टाकलं."

"उतरले काहून नाई मंग? आमी होतोच ना इथं."

गंगाधरनं पंच्यानं तोंड पुसलं. "लाज वाटली."

"कायची?"

"माही," गोदू म्हणाली.

गंगाधरनं मान खाली घातली. रामकृष्णनं निदान पाऊस होता म्हणून लिहिलं होतं. हे त्याच्या मनात रात्रभर होतं, आता पुन्हा आलं आणि जागचं हललं नाही.

सात वाजून सहा मिनिटं झाली होती. गंगाधरनं मान वर केली. रस्त्याची कड, खांबाचं बूड, आणि इकडं टाकीची घडवंची. एकतीस वर्षं रुळाची पातळी बघितलेली नजर. रस्त्याचं डांबर घडवंचीच्या कमरेला येत होतं. घडवंचीला लोखंडी शिडी होती, टाकी धुवायला लावलेली, दोन नट गेलेले.

"ही शिडी शेडातच धरते का फोन?" त्यानं भार्गवला विचारलं.

"क्या?"

"गोले में है? ये टंकी?"

भार्गवनं आपल्या फोनवर नकाशा बघितला. "हाँ, टंकी अंदर है."

"गोदू, चढ."

गोदूनं पदर खोचला. पहिल्या पायरीवर पाय ठेवताच शिडी डुगडुगली. गंगाधरनं दोन्ही हातांनी ती धरली आणि छाती लावून दाबली. गोदू चढली. दुसरी, तिसरी. तिच्या टाचा त्याच्या तोंडासमोर आल्या, भेगाळलेल्या, भेगांत वाळलेली माती. चौथी. त्या टाचा त्यानं इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या, पाहिल्या असतील तर लक्षात नव्हत्या.

"फुलीच हाय," ती वरून म्हणाली.

"अजून चढ."

पाचवी. सहावी.

"आली."

"कित्ती?"

"थांबा." तिनं एका हातानं गज धरला, दुसऱ्या हातानं फोन तोंडासमोर. बोट लागेना. तिनं बोटाची बाजू लावली. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. उन्ह सरळ डोळ्यांत होतं, तिला मिचकवायची वेगळी गरजच पडली नाही.

भार्गव आपल्या फोनकडं बघत होता. मग म्हणाला, "लग गई. सात तेरह."

नीलिमानं गोदूचा डबा उचलून शेडात नेऊन ठेवला. बाकीच्या खुरप्या घ्यायला लागल्या. गोदू हळूहळू उतरली, खाली आली, पदर सोडला, फोन रुमालात गुंडाळला.

"रविवारी जाऊन गगनचं दुसरं सिम टाकू त्यात," गंगाधर म्हणाला. "तवरक मी येत जाईन शिडी धराले."

त्यानं खिशातून डायरी काढली, पेन काढलं, 'शेड. त ४' वर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'शेड. त नाही.' त्याखाली, 'टाकीची शिडी, सहावी पायरी. त' आणि थांबला.

"कित्ती डांड्या होत्या?"

गोदूनं फोन रुमालातून पुन्हा काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"मले काहून विचारता," ती म्हणाली. "चढा आन् पाहून लिवा."

बायका खुरप्या घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या. गंगाधरनं एकदा गुडघ्याकडं पाहिलं, एकदा शिडीकडं. फोन शर्टाच्या खिशात घातला. डायरी दातांत धरली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी डुगडुगली. गोदूनं पदर पुन्हा खोचला, पुढं झाली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.